यशस्वी जयस्वाल मोठा कसोटी फलंदाज होईल, की त्याचंही पृथ्वी शॉसारखंच होईल? हे ओळखायचं कसं?

होईल, असं माझं ठाम मत आहे. पण ते त्याच्या द्विशतकांवरून बनलेलं नाही.

तुम्ही शॉचं नाव घेतलंत, तर तिथूनच सुरुवात करतो. २०१३ मध्ये हॅरिस शील्ड या मुंबईतल्या शालेय स्पर्धेच्या एका डावात ५४६ धावा, २०१८ मध्ये राजकोटला वयाच्या १८व्या वर्षी पदार्पणातच १५४ चेंडूंत १३४. तेव्हा त्याच्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. मग डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडची कसोटी आली. सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर ऑस्ट्रेलियाच्या स्टार्कने त्याचा त्रिफळा उडवला. त्याआधी काही क्षण रिकी पाँटिंग समालोचन करताना सांगत होता, की याच्या बॅट आणि पॅडमध्ये फट राहते, आत येणारा चेंडू तिथूनच जाईल. दुसऱ्या डावात कमिन्सनेही त्याचा त्रिफळाच उडवला. ती त्याची आजवरची शेवटची कसोटी. त्यानंतर त्याने काय कमी धावा केल्या? २०२०-२१च्या विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावा, २०२३ मध्ये रणजीत आसामविरुद्ध ३७९. गुणवत्ता कुठे गेलीच नव्हती. पण जिथे तो उघडा पडला होता, तिथे परत उभं राहून 'आता ही फट बुजली आहे' हे दाखवणं त्याला जमलं नाही, आणि नंतर तशी संधीही मिळाली नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून तरुण फलंदाजाचं पहिलं शतक मी आनंदाने बघतो, पण त्यावरून भाकीत करत नाही. पहिल्या वर्षात गोलंदाजांना तो माहीतच नसतो. नंतर त्याचे व्हिडिओ तपासले जातात, कमजोर जागा सापडते आणि मग प्रत्येक संघ तिथेच चेंडू टाकत राहतो. विनोद कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ केल्या, कसोटीत त्याची सरासरी ५४ची राहिली, तरी शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो २३ वर्षांचाच होता. खरी परीक्षा पकडलं गेल्यानंतर सुरू होते.

आता जयस्वालकडे या नजरेने बघा. नोव्हेंबर २०२४, पर्थ. पहिल्या डावात स्टार्कला घाईने ड्राइव्ह मारायला गेला, गलीत झेल, शून्य. त्याच सामन्यात दुसऱ्या डावात २९७ चेंडूंत १६१. तो डाव जमला तर पुन्हा बघा, विशेषतः सुरुवातीची षटकं. ज्या लांबीच्या चेंडूवर आदल्या दिवशी बॅट घातली होती, तेच चेंडू तो आता सोडत होता, आणि खेळायचे ते शरीराजवळ, उशिरा खेळत होता. राहुलबरोबर २०१ची सलामी झाली. मग शतक मात्र हेझलवूडला षटकार मारून! एका दिवसात चूक ओळखून ती दुरुस्त करायची आणि तरीही आपला खेळ सोडायचा नाही, हे मला २०२४च्या इंग्लंड मालिकेतल्या त्याच्या ७१२ धावांपेक्षा मोठं वाटतं. ती मालिका मायदेशात होती. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत त्याच्या चार डावांत मिळून ५० धावा होत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे गती बदलण्याची क्षमता. आयपीएलमध्ये १३ चेंडूंत अर्धशतक ठोकणाऱ्या पोराने पदार्पणाच्या कसोटीत, वेस्ट इंडिजमधल्या रोझोला, ३८७ चेंडू खेळून १७१ केल्या. विशाखापट्टणमला भारताच्या ३९६ पैकी २०९ एकट्याच्या, आणि बाकी कोणीही ३४च्या पुढे गेलं नाही. आझाद मैदानावर तंबूत राहून क्रिकेट शिकलेल्या मुलात मुंबईचा खडूसपणा उतरला आहे, असं मला मनापासून वाटतं. नुसत्या हातातल्या ताकदीवर असे डाव होत नाहीत.

धावांच्या भुकेबद्दल फार लिहीत नाही, ती दिसतेच. शतक झाल्यावर तो विकेट फेकत नाही.

पण काळजीची जागाही आहे. डावखुरे वेगवान गोलंदाज. पर्थनंतरच्याच कसोटीत, ॲडलेडला, स्टार्कने त्याला पहिल्याच चेंडूवर पायचीत केलं. २०२५ मध्ये कोलकात्याला दक्षिण आफ्रिकेच्या मार्को यान्सनने दोन्ही डावांत बाद केलं, गुवाहाटीच्या दुसऱ्या डावात पुन्हा त्यानेच, तेही कट मारताना. कट, म्हणजे अंगापासून दूरचा आखूड चेंडू आडव्या बॅटने ऑफला मारणं, हा त्याचा धावा देणारा फटका. पण यान्सनच्या उंचीमुळे चेंडू जास्त उसळतो आणि कटसाठी लागणारी जागा मिळत नाही. आता सगळ्यांनी हे टिपून ठेवलं असणार.

त्यामुळे पुढच्या वेळी उंच डावखुरा समोर आला, की मी धावफलक बघणार नाही. पहिल्या वीस-पंचवीस चेंडूंत तो कट किती वेळा आवरतो, तेवढंच बघणार आहे. तुम्हीही ते बघा.