हुसर्ल वाचायला घेतोयस? मग हे आधी वाच

अरे, हुसर्ल म्हणजे फेनॉमेनॉलॉजी (गोष्टी आपल्या अनुभवात कशा येतात ते तपासणारं तत्त्वज्ञान) सुरू करणारा तत्त्वज्ञ. त्याच वाटेवरच्या, त्याच्यानंतरच्या हायडेगरपासून सुरुवात करू नकोस, मी केली होती आणि दोन महिने नुसता डोकं धरून बसलो होतो. भाषेसाठी वाचायचं असेल तर सरळ हुसर्लचं १९००-०१ चं 'लॉजिकल इन्व्हेस्टिगेशन्स' घे, तेही सगळं नाही, त्यातल्या सहा 'इन्व्हेस्टिगेशन्स'पैकी पहिलं आणि चौथं बास.

पहिल्यात एक उदाहरण आहे, 'येनाचा विजेता' आणि 'वॉटर्लूचा पराभूत'. माणूस एकच, नेपोलियन, पण दोन्ही म्हणताना आपल्या मनात तो वेगळाच उभा राहतो ना, एकदा छाती काढून, एकदा मान खाली घालून. म्हणजे शब्द ज्याच्याकडे बोट दाखवतो ते वेगळं आणि ज्या अर्थातून दाखवतो तो वेगळा, इथे घाई करू नको, दोन दिवस लाव. चौथ्यातली गंमत मराठीत करून बघ: 'गोल चौकोन' असू शकत नाही, पण तो असू शकत नाही हे कळायलाही आधी अर्थ लागावा लागतो, उलट 'हिरवा आहे किंवा' म्हटलंस तर हाताला काहीच लागत नाही. व्याकरणाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आणि हे भाषाशास्त्रवाल्यांना माहीतच नव्हतं असं समजू नकोस हां, रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञावर हुसर्लचा चांगलाच प्रभाव होता आणि १९३५ मध्ये प्रागच्या भाषाशास्त्र मंडळात हुसर्ल स्वतः बोलून आला होता.

मर्लो-पाँती, हुसर्लच्याच वाटेवरचा फ्रेंच तत्त्वज्ञ, नंतर. त्याच्याआधी भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर थोडा वाचलेला असू दे, नाहीतर मर्लो-पाँती कोणाशी बोलतोय तेच कळत नाही.