वाचकांचे प्रश्न : आठवडी बाजाराचा आराखडा आणि विद्यापीठाचे साहाय्य

प्रश्न : अक्कलकोट तालुक्यातील नगरपरिषद असलेल्या एका लहान गावात मी राहतो. आठवडी बाजाराचे मैदान आणि त्याला लागून असलेली जुनी बारव यांची सुधारणा व्हावी, अशी आम्हा रहिवाशांची फार दिवसांची इच्छा आहे. चार वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाचे विद्यार्थी दोन दिवस येऊन मोजमापे घेऊन गेले आणि पुढे त्यांनी सुरेख रंगीत चित्रे पाठवली. ती सभागृहात लावलेली आहेत, काम मात्र एका फरशीचेही झालेले नाही. शिवाय भाजीवाल्या बायका जिथे बसतात, नेमके तिथेच चित्रात कारंजे दाखवले आहे. पुन्हा विद्यापीठाकडे जावे का?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : अवश्य जावे, परंतु या वेळी मागणी वेगळी करावी.

कारंज्याच्या जागेवरून असे दिसते की, ते विद्यार्थी बाजाराच्या दिवशी आलेच नसावेत. आपल्याकडच्या उन्हात बाजार एका जागी बसत नाही. सकाळी उघड्यावर मांडलेली पाटी अकराच्या सुमारास भिंतीच्या सावलीला सरकते आणि भर दुपारी गोणपाटासकट लिंबाखाली जाते. ही सरकासरक कागदावर उतरली नाही, तर आराखडा कितीही देखणा असला तरी तो त्या बायकांच्या उपयोगाचा नाही. म्हणून एप्रिल-मेमधील एका बाजाराला पहिला टेम्पो रिकामा होण्यापासून संध्याकाळी झाडलोट होईपर्यंत विद्यार्थ्यांनी तिथे थांबावे आणि मोठ्या पावसानंतर पाणी कुठे साचते, हे पाहायला पुन्हा यावे, अशी अट घालावी.

चित्रे भिंतीवरच राहिली याचे कारण मला असे वाटते की, त्यांच्यामागे कागदपत्रे नव्हती. जागेची मिळकत पत्रिका, मंजूर विकास योजनेत त्या जागेवर असलेले आरक्षण, सर्वसाधारण सभेचा ठराव, शासकीय दरसूचीनुसार अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता आणि मग निविदा, या वाटेनेच सार्वजनिक काम पुढे जाते. यातील तांत्रिक मंजुरी महाविद्यालय देऊ शकत नाही. मात्र जमिनीच्या उतारासह मोजलेला नकाशा आणि कामाची परिमाणे त्याने तयार करून दिली, तर नगरपरिषदेच्या अभियंत्याचे बरेच काम हलके होते. तेव्हा चित्रांऐवजी हेच मागावे, आणि तेही टप्प्याटप्प्याने : आधी गटार व उतार, मग ओटे व सावली, शोभेचे सर्वांत शेवटी. निधी थोडा थोडा येतो, आणि पहिला टप्पा स्वतःच्या बळावर उभा राहिला पाहिजे.

बारवेबाबत विशेष काळजी घ्यावी. दगडांच्या सांध्यांतून झिरपणाऱ्या पाण्यावर ती जिवंत असते. स्वच्छ दिसावी म्हणून आतून सिमेंटचा गिलावा केला, तर हे झरेच बुजतात. ती संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय हातही लावता येणार नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले, तेच आजचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. तिथे आणि जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागांत प्रथम चौकशी करावी. आराखड्यासाठी वास्तुकलेचे प्राध्यापकही सोबत असावेत. केंद्र सरकारच्या ‘उन्नत भारत’ अभियानात उच्च शिक्षण संस्था प्रामुख्याने खेडी दत्तक घेतात, त्यामुळे नगरपरिषदेच्या गावाला राज्य सरकारचे २०१६ चे ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ अधिक जवळचे आहे. स्थानिक प्रश्न स्थानिक महाविद्यालयांनी अभ्यासावेत, हाच त्याचा हेतू आहे. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने, ठरावाची प्रत जोडून, नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी द्यावा, म्हणजे तो विषय वर्षभराच्या प्रकल्पात धरता येतो.

विद्यार्थी दर वर्षी बदलतात. म्हणून कामाची जबाबदारी घेणाऱ्या प्राध्यापकांचे नाव करारात लिहून घ्यावे. अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठाचा ‘रूरल स्टुडिओ’ १९९३ पासून अलाबामाच्या त्याच ग्रामीण भागात काम करतो आहे. एक तुकडी गेली की दुसरी येते, पण शिक्षक आणि ओळख तिथेच राहते. मला या सातत्याचे मोल आराखड्याहूनही जास्त वाटते.

आणि जुनी चित्रे टाकून देऊ नका. त्या महाविद्यालयाकडून मोजणीच्या मूळ नोंदी मागवून घ्याव्यात. मैदानाची लांबी-रुंदी चार वर्षांत बदललेली नसेल, आणि कारंज्याची जागा तेवढी ओट्यांना देता येईल.