प्रत्येक फुलपाखराचे एक ठरलेले फूल असते का?

गच्चीवर इतके गुलाब फुलवूनही फुलपाखरे का फिरकत नाहीत आणि प्रत्येकाचे फूल ठरलेले असते का, असे आपण विचारले आहे. फुलाच्या बाबतीत फुलपाखरू फारसे हट्टी नसते. त्याचा हट्ट असतो तो पानाबाबत.

फुलातून त्याला हवा असतो तो मध, आणि तो सोंड पोहोचेल अशा ठिकाणी असला म्हणजे झाले. गुलाबात पराग भरपूर, मध जवळजवळ नाहीच, आणि पराग चावून खाणे सोंडेला जमत नाही. एकदांडीच्या इवल्या फुलांवर अगदी लहान निळी फुलपाखरेही पोट भरतात, तर सदाफुलीच्या अरुंद, खोल नळीच्या तळाशी पोहोचायला लांब सोंडच लागते.

नागपुरात हा व्यवहार जवळून पाहायचा असेल, तर सकाळी दहाच्या सुमारास अंबाझरीकडे घाणेरीच्या (आपल्याकडे हिला रायमुनियाही म्हणतात) झुडपाजवळ पंधरा मिनिटे उभे राहावे. तिच्या एकाच गुच्छात मधली ताजी फुले पिवळी आणि कडेची जुनी गुलाबी असतात. मध मुख्यतः पिवळ्यांत असतो आणि फुलपाखरू गुलाबी फुलांवर पाय रोवून सोंड मात्र नेमकी पिवळ्यांतच घालते. जुनी फुले गळून न पडता रंग बदलून गुच्छ दुरून उठून दिसेल असा ठेवतात आणि जवळ आलेल्याला रिकाम्या नळीत वेळ घालवू देत नाहीत. ही घाणेरी, तशीच एकदांडीही, मूळची अमेरिकेतली. म्हणजे आपल्या फुलपाखरांनी परक्या फुलांशी किती सहज जुळवून घेतले आहे ते पाहा. (म्हणून घाणेरी मुद्दाम लावू नये; ती आधीच रान गिळत चालली आहे.)

पानाचे तसे नाही. लिंबावरचे काळे-पिवळे फुलपाखरू मध कुठलाही पिईल, परंतु मादी अंडी घालते ती मुख्यतः लिंबू, संत्रा, कढीपत्ता अशा झाडांवरच, कारण अळीला दुसरे पान चालत नाही. पाय टेकवून ती पानाची चव घेते आणि मगच एकेक अंडे चिकटवते. कोवळी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. संत्र्याच्या रोपवाटिकेत हीच अळी पाने फस्त करते, त्यामुळे बागाईतदाराला या फुलपाखराचे कौतुक नसते, आणि ते साहजिक आहे.

आपण गच्चीवर एक कढीपत्ता आणि शेजारी सदाफुली लावावी. कढीपत्त्याची थोडी पाने कुरतडली गेली तर औषध फवारू नये.