आधी हायड्रोजन, मग परग्रहावरचे संदेश

परग्रहावरचा सिग्नल शोधायचा असेल, तर आधी हायड्रोजन पकडा. आकाशगंगेतला हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे २१ सेंटिमीटरवर, कायम रेडिओ लहरी सोडत असतो. तो दिसला की संच नीट चालतोय हे कळतं. मीटरभराची जाळीची डिश, एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि याच पट्ट्याचा फिल्टर असलेला एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा, स्वतःचा गोंगाट कमी असलेला अॅम्प्लिफायर) पुरतो. एलएनए अँटेनाला लागूनच बसवा. गच्चीवरून खाली येणाऱ्या केबलमध्ये जे हरवतं, ते नंतर कितीही वाढवलं तरी परत मिळत नाही. आणि नाशिकचा पाऊस सुरू व्हायच्या आत सगळे जोड सील करा.

ऑक्टोबरात संध्याकाळी हंस तारकासमूह जवळपास डोक्यावर येतो. पाच मिनिटं डिश तिकडे, पाच मिनिटं आकाशगंगेपासून लांब, मग पहिल्या नोंदीतून दुसरीची वजाबाकी. शेकडो किलोहर्ट्‌झचा पसरट उंचवटा दिसेल.

काही हर्ट्‌झची बारीक रेघ दिसली तर परग्रहाचा संदेश समजून हुरळून जाऊ नका. डिश वळवूनही ती तशीच राहिली, तर ती जवळपासचीच: एलईडी दिवा, इन्व्हर्टर, लॅपटॉपचा चार्जर. एकेक बंद करून बघा. आकाशातली रेघ हळूहळू सरकते. इथल्या अक्षांशावर नुसत्या पृथ्वीच्या फिरण्यानेच सेकंदाला ०.१५ हर्ट्‌झपर्यंत. डोंगलचं घड्याळ मात्र १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) हललं तरी १४२० हर्ट्‌झ चुकतं! अर्धा तास तापू द्या. तरीही इतकी बारीक मोजणी जीपीएसला बांधलेल्या घड्याळाशिवाय जमत नाही. तोवर ब्रेकथ्रू लिसन या परग्रहावरचे सिग्नल शोधणाऱ्या प्रकल्पाचा खुला डेटा उतरवून त्यावर टर्बोसेटी हे सरकत्या रेघा शोधणारं सॉफ्टवेअर चालवा. खरा सराव तिथेच होतो.