अस्वलाची उपमा आणि ‘वंशवाद’ हा शब्द

विलेपार्ल्याच्या एका वाचकांनी पुढील शंका कळवली आहे: ‘आमच्या कार्यालयात डबे उघडल्यावर एका सहकाऱ्याने चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांना विनी द पू या कार्टूनमधील अस्वलाची उपमा दिली. शेजारच्या सहकारी बाई म्हणाल्या, हा सरळसरळ वंशवाद आहे. अशी तुलना खरोखर वंशवादी ठरते का? येथे वंशवाद हाच शब्द योग्य आहे का? आणि जाता जाता, त्या अस्वलाचे नाव ऱ्हस्व लिहावे की दीर्घ?’

दुसरी शंका मी आधी घेतो, कारण तिने दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. ‘वंशवाद’ हा शब्द अलीकडे मराठीत कोणत्याही भांड्यावर बसणारे झाकण झाला आहे. संध्याकाळी वृत्तवाहिनी लावावी तर पुढाऱ्याच्या मुलाला उमेदवारी मिळाली हा ‘वंशवाद’, आणि त्यानंतरच्या बातमीत परदेशात भारतीय विद्यार्थ्याला शिवीगाळ झाली हाही ‘वंशवाद’. पहिला अर्थ हिंदीतून आलेला आहे. हिंदीत वंशवाद म्हणजे आपली घराणेशाही, आणि ज्याला इंग्रजीत रेसिझम म्हणतात त्यासाठी हिंदीने नस्लवाद हा वेगळा शब्द ठेवला आहे. हिंदी भाषकांची त्यामुळे काहीच अडचण होत नाही. आपण मात्र ‘घराणेशाही’सारखा ठसठशीत शब्द घरात असताना शेजाऱ्याचा शब्द उचलला आणि तो जिथे आधीच दुसऱ्या कामावर होता तिथेच नेऊन बसवला. चर्चगेटच्या गाडीत महाविद्यालयीन मुले उठल्याबसल्या ‘रेसिस्ट’ म्हणतात, त्याचा मला इतका राग येत नाही. निदान ती एकच चूक करतात.

मग ‘वर्णद्वेष’ म्हणावे का? दक्षिण आफ्रिकेतील 1948 नंतरच्या राजवटीमुळे हा शब्द आपल्या वृत्तपत्रांत रुळला आणि तिथे तो योग्यच होता. परंतु वर्ण म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात रंगाआधी चातुर्वर्ण्य उभे राहते, ही एक अडचण. आणि द्वेष नेहमी रंगाचाच असतो असे नाही, ही दुसरी. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात जॉन टेनिएल यांच्यासारखे चित्रकार आयरिश बंडखोरांना वानराच्या जबड्याचे आणि वानराच्या कपाळाचे रंगवीत असत. इंग्रज गोरा, आयरिशही गोरा. द्वेष मात्र पुरेपूर. तेथे वर्णद्वेष हा शब्द लटका पडतो आणि ‘वंशद्वेष’ बरोबर बसतो. ‘वंशवाद’ हा शब्द ठेवायचाच असेल तर तो माणसांच्या वंशांची उच्चनीच उतरंड मांडणाऱ्या विचारासाठी ठेवावा, कारण वाद म्हणजे मत, सिद्धांत. जेवणाच्या टेबलावरील एका उपमेला सिद्धांताचा मान देण्याची गरज नाही. कायद्याच्या भाषेमुळे आपल्याकडे ‘जातिवाचक शिवी’ हा नेमका प्रयोग रुळलेला आहे. त्याच धर्तीवर ‘वंशवाचक उपमा’ म्हणावे असे मी सुचवीन. जात आणि वंश यांची गल्लत मात्र करू नये. लाहोरला न झालेल्या आणि 1936 साली छापलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावून ठेवले आहे की जात ही वंशांची विभागणी नसून एकाच वंशातील लोकांची सामाजिक विभागणी आहे.

मुळात वंश म्हणजे बांबू. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील दहाव्या सूक्ताच्या आरंभी ‘उद्वंशमिव येमिरे’ असे शब्द येतात. स्तोते इंद्राला उंच वेळूसारखे उभारतात, असा त्यांचा भाव. पेरामागून पेर वाढत जाणाऱ्या वेळूवरून पिढीमागून पिढी वाढणाऱ्या कुळाला तेच नाव मिळाले. संस्कृतातील वंश प्राकृतात वंस झाला आणि मराठीत छपरावर चढून ‘वासा’ झाला. म्हणजे ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ या म्हणीत शब्दाच्या अंगाने वंशच दडलेला आहे. पाठीच्या कण्याला आपण पृष्ठवंश म्हणतो तोही हाच वेळू. अस्वल आणि राष्ट्राध्यक्ष दोघेही पृष्ठवंशीय प्राणी आहेत, एवढे तरी निर्विवाद. काही पुढाऱ्यांच्या बाबतीत वंशापेक्षा पृष्ठवंशाचीच चौकशी अधिक निकडीची असते, पण तो आजचा विषय नाही.

आता तुलनेकडे वळतो, आणि तिच्याकडे जाण्याची वाट ‘व्यंगचित्र’ या शब्दातून जाते. शुद्धलेखनाचे काही अभिमानी हा शब्द दिसला की लाल शाई काढतात. त्यांचे म्हणणे असे की ‘व्यंग’ म्हणजे वि अधिक अंग, अर्थात शरीरातील वैगुण्य. उपरोधाने सुचवलेला अर्थ हवा असेल तर वि आणि अञ्ज् यांपासून झालेला ‘व्यंग्य’ लिहा, म्हणजे ‘व्यंग्यचित्र’. एका व्याख्यानात असेच एक जाणकार ‘मार्मिक’च्या नगरीत राहणाऱ्यांना व्यंगचित्र हा शब्दही धड लिहिता येत नाही, असे म्हणाले आणि सभागृहाने माना डोलावल्या. मी डोलावली नाही, आणि का, ते येथे थोडे विस्ताराने सांगण्याची मोकळीक घेतो.

दिवाळीच्या पहाटे आपण अभ्यंगस्नान करतो. त्या ‘अभ्यंग’ शब्दात अंग म्हणजे शरीर आहे असे शंभरातील नव्व्याण्णव लोक समजतात, आणि तेल अंगालाच लावायचे असल्यामुळे त्यांचा समज कधी मोडत नाही. वास्तविक अभ्यंग हा अभि आणि अञ्ज् यांपासून झालेला आहे. अञ्ज् म्हणजे माखणे, लेप देणे, उजळणे. डोळ्यांतील अंजन याच धातूचे, पानातील तोंडीलावणे असलेले व्यंजन याचेच, आणि ‘क’पासून ‘ळ’पर्यंतची व्यंजनेही याचीच. या धातूतील ‘ज’चा ‘ग’ होतो तो पाणिनीच्या ‘चजोः कु घिण्ण्यतोः’ या सूत्राने. त्याच सूत्राच्या बळावर व्यंग्य सिद्ध होतो आणि त्याच सूत्राच्या बळावर अभ्यंग. मग अभि लावून अभ्यंग चालत असेल, तर वि लावून व्यंग का चालू नये? आयुर्वेदात चेहऱ्यावरील काळपट डागांना व्यंग म्हणतात, मराठीत त्यालाच आपण ‘वांग’ म्हणतो. तेथे अवयव कोणताही कमी नसतो, चेहऱ्यावर काहीतरी माखल्यासारखे दिसते. म्हणून माझे मत असे की व्यंगचित्रातील व्यंग हे त्या माखण्याच्या कुळातले आहे आणि त्यात ‘य’ घुसडण्याची गरज नाही. हे मत माझे एकट्याचे असेल, असो. पुढाऱ्याच्या डोळ्यांत झणझणीत अंजन घालणाऱ्या चित्राला अञ्ज् धातूतूनच नाव मिळावे यात मला तरी औचित्य दिसते. इटालियन भाषेतून आलेल्या कॅरिकेचर या शब्दाच्या मुळाशी ओझे लादणे आहे. आपण लादत नाही, माखतो.

हे सारे मूळ प्रश्नाला सोडून आहे असे वाटू देऊ नका. शरीराचे वैगुण्य आणि सुचवलेला अर्थ या दोन व्यंगांमधील अंतर हेच या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते मोजण्याचे मापही पाणिनीनेच देऊन ठेवले आहे. ‘उपमितं व्याघ्रादिभिः सामान्याप्रयोगे’ असे त्याचे सूत्र आहे. माणसाला वाघाची उपमा देऊन ‘पुरुषव्याघ्र’ असा समास करता येतो, परंतु दोघांत समान असलेला गुण उच्चारला नसेल तरच. शौर्य हा शब्द तोंडाने काढायचा असेल तर समास सोडून ‘हा पुरुष वाघासारखा शूर आहे’ असे सरळ वाक्य करावे लागते. व्याघ्रादी गणात सिंह, ऋषभ, कुंजर आणि वराह आहेत, आणि वाचकांच्या सोयीसाठी म्हणावे तसा ऋक्ष, म्हणजे अस्वलही आहे. माणसाला पशू म्हणणे हा मुळात अपमान नव्हे, हे यावरून दिसते. मुंबईत एखाद्या नेत्याला ‘वाघ’ म्हटल्याबद्दल कोणी फिर्याद केल्याचे मी ऐकलेले नाही, आणि गाढवे, कोल्हे, लांडगे ही आडनावे मिरवणारी माणसे मतदारयादीत सुखाने नांदतात.

सगळी मेख त्या न उच्चारलेल्या गुणात आहे. अलंकारशास्त्रात त्याला साधारण धर्म म्हणतात. पशूची उपमा कानी आली की आधी विचारावे: येथे साधारण धर्म कोणता गृहीत धरला आहे? तो त्या व्यक्तीचा स्वतःचा असेल, म्हणजे तिची चाल, पोट, हट्ट, संथपणा किंवा हावरटपणा, तर ते व्यंग. मग ते कितीही झोंबो, क्वचित असभ्यही असो. तो साधारण धर्म जर तिच्या साऱ्या गोतावळ्याला, तिच्या कातडीला किंवा नाकडोळ्यांच्या ठेवणीला लागू होणारा असेल, तर उपमा वंशवाचक झाली. गुण उच्चारलेला नसल्यामुळे बोलणारा ‘माझ्या मनात तसे नव्हते’ म्हणून हात झटकू शकतो, आणि ही पळवाट समासाच्या रचनेतच आहे, हे पाणिनीचे वाचक आधीपासून जाणतात.

शी यांच्या बाबतीत हे माप लावून पाहू. 2013 साली ते अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांच्यासोबत चालत असतानाचे छायाचित्र आणि शेजारी पू अस्वल व टिगर हा वाघ यांचे चित्र, अशी जोडी चिनी समाजमाध्यमांवर फिरली. 2014 साली जपानचे पंतप्रधान आबे यांच्याशी त्यांनी हस्तांदोलन केले तेव्हा आबे यांच्या वाट्याला ईयोर हे उदास गाढव आले. 2015 च्या लष्करी संचलनात मोटारीच्या छतातून वर उभे राहिलेले शी आणि खेळण्यातील गाडीत उभा असलेला पू, ही जोडी तर फारच गाजली. सुरुवात करणारे चिनी लोकच होते, आणि 2017 साली अस्वलाचे उल्लेख तिकडच्या समाजमाध्यमांवरून पुसले गेले ते वंशाच्या नव्हे, सत्तेच्या नाजूकपणामुळे. येथे साधारण धर्म म्हणजे गोलसर देह आणि संथ, किंचित आत्मतुष्ट चाल. वंशवादाचा आक्षेप घेणाऱ्या त्या सहकारी बाई कदाचित म्हणतील की कार्टूनमधील पू पिवळा आहे आणि युरोपीय लोक पूर्व आशियातील माणसांना ‘पिवळे’ म्हणून हिणवीत आले आहेत. शंका रास्त आहे. तो पिवळा रंगही नंतर फासलेला आहे: सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने आपल्या ग्रंथात 1735 साली आशियाई माणसाला काळपट म्हटले होते आणि 1758 च्या आवृत्तीत शब्द बदलून फिकट पिवळट केले. परंतु रंग हाच दुवा असता, तर आबे यांना राखी गाढव का मिळाले असते? त्यामुळे माझा निर्णय असा की ही उपमा व्यंगाची आहे, वंशवाचक नाही. उद्या कोणी त्याच अस्वलाचे डोळे दोन तिरप्या रेघांचे काढले, किंवा शी यांच्याऐवजी सांताक्रूझच्या हॉटेलात काम करणाऱ्या एखाद्या मणिपुरी तरुणाला पू म्हटले, तर साधारण धर्म बदलेल आणि माझा निर्णयही.

माकडाचे मात्र तसे नाही. मराठीत आई मुलाला ‘माकडा, खाली उतर’ म्हणते त्यात कौतुकच अधिक असते. ऑक्टोबर 2007 मध्ये वानखेडे मैदानावर काही प्रेक्षकांनी ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला उद्देशून माकडचेष्टा केल्या, तेव्हा ‘मारुतीला पूजणारा समाज वंशद्वेष्टा कसा असेल’ असा युक्तिवाद मी माझ्याच इमारतीत ऐकला. तो पोकळ आहे. 1906 साली ओटा बेंगा या आफ्रिकी माणसाला न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात माकडांच्या घरात ठेवून लोकांना दाखवले गेले. ज्या शब्दामागे असा इतिहास आहे, तेथे साधारण धर्म कोणता, हे बोलणाऱ्याने ठरवायचे शिल्लकच राहत नाही. उपमान आधीच भरलेल्या बंदुकीसारखे हाती येते. जानेवारी 2008 मध्ये सिडनीला हरभजन सिंग यांच्यावर हाच आरोप झाला, तीन कसोटींची बंदी आली आणि अपिलात ती जाऊन मानधनातील अर्ध्या रकमेचा दंड उरला. बचावात सांगितले गेले की तो शब्द ‘मंकी’ नव्हताच, उत्तरेकडील आईवरची एक शिवी होती आणि ती चुकीची ऐकली गेली. शब्दचर्चेच्या इतिहासात एका शिवीने दुसऱ्या शिवीला इतके तारल्याचे उदाहरण विरळाच.

याच ओघात आणखी एक चुकीचे वाक्य दुरुस्त करतो, कारण ते सुशिक्षितांच्याही तोंडी येते. ‘शंकर यांनी आंबेडकरांना गोगलगाय दाखवले’ असे 2012 सालच्या पाठ्यपुस्तकाच्या वादापासून बोलले जाते. व्यंगचित्रकार शंकर यांच्या 1949 च्या त्या चित्रात गोगलगाय आहे ती राज्यघटना. आंबेडकर तिच्यावर बसलेले आहेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे आहेत. पशूचा साधारण धर्म संथ गती एवढाच आहे. दुखावले ते चाबकाने, आणि तो चाबूक कोणाच्या मागे कोणाच्या हातात दिसतो यामुळे. त्या दुखावण्याची चर्चा अवश्य करावी, पण उपमान आणि उपमेय यांची अदलाबदल करून नव्हे.

अस्वलाच्या नावाचा प्रश्न राहिला. मराठी शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे एकाक्षरी शब्दातील उकार दीर्घ असतो, म्हणून ‘पू’ असेच लिहावे. जखमेत होणारा पूही नेमका असाच लिहिला जातो, याला इलाज नाही. ज्यांना ते फारच खटकते त्यांनी नुसते ‘विनी’ म्हणावे.