ब्रिटनमध्ये ‘कॅम्झ’मध्ये डॉक्टर म्हणून रोजचं काम कसं असतं?

कॅम्झ म्हणजे एनएचएसची (ब्रिटनच्या सरकारी आरोग्य यंत्रणेची) मुलांसाठीची मानसिक आरोग्य सेवा. मी तिथेच रजिस्ट्रार, म्हणजे तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण घेणारा डॉक्टर आहे, म्हणून सांगतो.

वाट लांब आहे. साधारण ३ वर्षं कोअर सायकिअ‍ॅट्री (मानसोपचाराचं पायाभूत प्रशिक्षण), त्यातच एमआरसीसायक या मानसोपचाराच्या पदवीच्या परीक्षा, मग या शाखेची आणखी ३ वर्षं.

आपल्याकडून आलेल्याला पहिला धक्का बसतो तो हा, की इथे डॉक्टर टीममधला फक्त एक गडी. बरीच मुलं नर्स, सायकॉलॉजिस्ट किंवा फॅमिली थेरपिस्टच बघतात. आपल्या वाट्याला येतात ती औषध लागणारी, निदान अडलेली किंवा जिवाला धोका असलेली. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेट हे भूक मंदावणारं औषध चालू असेल तर उंची, वजन, नाडी, बीपी मोजून आलेखावर टिपायचं. कंटाळवाणं वाटतं खरं, पण वजनाची रेघ खाली आलेली दाखवली की मग आई हळूच सांगते, शाळेचा डबा तसाच परत येतोय.

१६ वर्षांखालचं मूलही पुरेसं समजूतदार असेल तर उपचाराला स्वतः संमती देऊ शकतं. याला ‘गिलिक कॉम्पिटन्स’ म्हणतात. हुडीच्या बाह्या तळव्यांवर ओढून बसलेली मुलगी ‘आईला बाहेर बसू दे’ म्हणते, आणि आई उठते. (आपल्याकडे उठेल?)

उरलेला दिवस शाळा, सोशल वर्कर, जीपी (फॅमिली डॉक्टर) यांना फोन आणि पत्रं. वेटिंग लिस्टवरून पालक चिडलेले असतात, आणि त्यांचं चुकत नाही.

यायचं ठरवलंत तर आधी बालरोग विभागात थोडे महिने काढा. जमिनीवर बसून मुलाशी बोलणं इथे रोज लागतं.