शब्दशंका : चप्पल, कर्ज आणि ‘काढणे’

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते. ‘त्याने गणपती मंदिराच्या दारात चप्पल काढली’ या वाक्याच्या इंग्रजी भाषांतरात तिने ‘टेक आउट’ हे क्रियापद वापरले, ते चूक ठरले. ‘वडिलांनी कर्ज काढले’ येथे मात्र तेच क्रियापद बरोबर ठरले. मराठीत दोन्हीकडे ‘काढणे’ असताना हा भेद कशासाठी? सरसकट ‘रिमूव्ह’ वापरले तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मुलीची चूक इंग्रजीच्या अज्ञानातून नव्हे, तर मराठीच्या पक्क्या सवयीतून झाली आहे. मराठीत चप्पल पायात असते, सदरा अंगात असतो आणि अंगठी बोटात असते. त्यामुळे जे ‘आत’ आहे ते ‘बाहेर’ काढायचे, म्हणजे ‘आउट’, असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. इंग्रजी मात्र या सर्व वस्तू शरीराच्या ‘वर’ आहेत असे मानते आणि म्हणून तेथे ‘टेक ऑफ’ म्हणावे लागते. ‘हि टुक आउट हिज शूज’ हे वाक्य व्याकरणाने मोडके नाही, पण त्याने पिशवीतून किंवा कपाटातून बूट बाहेर काढले, असा त्याचा अर्थ होतो. मंदिराच्या दारात तो अभिप्रेत नसावा.

याउलट वस्तू खरोखरच कशाच्या तरी आत असेल, तर ‘टेक आउट’च हवे. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची जुनी रीत होती. त्या पेवातून हळद काढली असे लिहायचे झाल्यास ‘दे टुक द टर्मरिक आउट ऑफ द पिट’ असे लिहावे, आणि त्यातले ‘ऑफ’ हे एरवी ‘चा, ची, चे’साठी येणारे ‘of’ आहे, ‘टेक ऑफ’मधले ‘off’ नव्हे, हे मुलीला वेगळे सांगावे, कारण देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. त्याच हळदीचा डाग सदऱ्यात मुरला असेल तर तो काढण्यासाठीही ‘आउट’ चालते, कारण डाग कापडाच्या धाग्यांत शिरलेला असतो. चष्म्याला ‘ऑफ’ लागते, पण डोळ्यांत बसवलेल्या लेन्सला ‘आउट’. कानाच्या भोकातून जाणाऱ्या डुलांनाही बहुधा ‘आउट’च म्हणतात, आणि येथे आपली ‘कानातले’ म्हणण्याची पद्धत नेमकी इंग्रजीच्या बाजूने पडते.

कर्ज व विमा यांच्या बाबतीत आत-बाहेरचा हिशेब लावत बसू नये. कर्ज काढणे, विमा काढणे आणि ‘टेक आउट अ लोन’, ‘टेक आउट इन्शुरन्स’ या जोड्या जुळतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. एकाचा राग दुसऱ्यावर काढणे यासाठीही ‘टेक इट आउट ऑन समवन’ असा प्रयोग आहे. ऑफिसातला राग घरी काढणाऱ्यांची सोय दोन्ही भाषांनी सारखीच केली आहे. फोटो काढताना मात्र नुसते ‘टेक’ पुरते. तेथे ‘आउट’ घातले तर फोटो पाकिटातून किंवा अल्बममधून बाहेर निघतो. विमानाचे ‘टेक ऑफ’ आपल्या परिचयाचेच आहे. त्या अर्थी हे क्रियापद अकर्मक असते.

एक नियम मात्र पाठच करावा लागतो : वस्तूचे नाव क्रियापदाच्या या दोन तुकड्यांच्या मध्ये किंवा नंतर कोठेही येऊ शकते, पण सर्वनाम मध्येच येते. ‘टेक ऑफ युवर शूज’ आणि ‘टेक युवर शूज ऑफ’ दोन्ही बरोबर आहेत. ‘टेक देम ऑफ’ बरोबर, ‘टेक ऑफ देम’ चूक. परीक्षेत गुण जातात ते बहुधा येथेच.

‘रिमूव्ह’बद्दल सांगायचे तर चप्पल, टोपी, डाग यांना ते चालते, आणि पाट्यांवर तर तेच शोभते, बोलताना मात्र ते जरा सरकारी वाटते. कर्ज, विमा, राग यांना ते मुळीच लागू पडत नाही. ‘रिमूव्ह अ लोन’ असे कोणी लिहिलेच, तर वाचणाऱ्याला कर्ज काढले नसून ते कोठून तरी हटवले असे वाटेल.